गोल्फचा फटका, मनगट आणि थर्मामीटर झटकणं



आश्दोदहून आमच्या जाऊबाईंचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, तुझं मनगट मोडलं होतं ना? मग या वयात ती गोल्फची काठी कशाला हातात घेतेस? सगळा जोर मनगटावरच येत असेल की!"

मी म्हटलं, "जाऊबाई, मनगटावर जोर द्यायचाच नसतो. खरी गंमत तिथेच आहे." पण फोनवर ते नीट सांगता आलं नाही. मागे आमचे हे हसत होते, त्यामुळे तर अजिबातच नाही. म्हणून इथे लिहिते. तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फ टीव्हीवरच पाहिला असेल. काहींचे मुलगे, नातू खेळत असतील. मुंबईत चेंबूरला मैदान आहे, इस्राएलमध्ये कैसरियाला आहे. पण मी लिहिते आहे ते खेळायला न जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, कारण मनगट सगळ्यांनाच आहे आणि आपल्या वयात ते मोडतंही फार.

आधी तो शब्द सांगते. गोल्फ शिकवणारे सारखे "लॅग, लॅग" करत असतात. लॅग म्हणजे मागे राहणं. काठी वर नेली की मनगट अंगठ्याच्या बाजूला वळतं, आणि डावा हात व काठी यांच्यात साधारण काटकोन होतो. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगते आहे, डावखुऱ्यांनी उलट समजावं.) खाली येताना अंग वळतं, हात खाली येतात, पण काठीचं डोकं लगेच येत नाही. ते मागे राहतं. हात कमरेपाशी आले तरी तो कोन बराचसा तसाच असतो. मग शेवटच्या क्षणी कोन उघडतो, काठी सप्पकन हातांना गाठते आणि बॉल उडतो. त्या मागे राहण्याला लॅग म्हणतात. एवढंच.

मला हे कळलं ते गोल्फमुळे नाही. मुंबईत नर्सिंगला असताना आमच्या ट्यूटर सिस्टरने पहिल्या आठवड्यात थर्मामीटर झटकायला शिकवलं होतं. त्या वेळचे काचेचे, पाऱ्याचे. आम्ही मुली घाबरून बोटं घट्ट आवळायचो, मनगट ताठ करायचो आणि सगळा हात वरून खाली आपटायचो. पारा जागचा हलायचा नाही. एकीचा थर्मामीटर लॉकरच्या कडेवर आपटून फुटला, आणि पारा गोळा करता करता तिची संध्याकाळ गेली. सिस्टर म्हणाली, खांदा सैल सोड, कोपर सैल सोड, हात खाली जाऊ दे, मनगट आपोआप मागून येईल. तसं केलं की दोन झटक्यांत पारा खाली. आपल्यात ज्या नर्स होत्या, आणि बऱ्याच होत्या, त्यांना हे वाचतानासुद्धा हातात जाणवेल.

हात आधी जातो, हातातली वस्तू मागून येते, आणि मागून येणाऱ्या वस्तूचा वेग हातापेक्षा कितीतरी जास्त असतो. गोफणीचं तेच आहे. दाविदाच्या हाताचा वेग तो काय असणार? दगडाचा वेग गोफणीच्या टोकाचा होता. धोब्याची मोगरी, लाकडं फोडणारा, कोयत्याने शहाळं सोलणारा, सगळ्यांकडे नीट बघा. नवशिका मनगट आवळतो आणि थोड्या वेळात दमतो. जुना माणूस दिवसभर काम करतो.

आता असं का होतं, ते सांगते. लहानपणी फुगडी खेळलो आहोत ना? दोघी जवळ जवळ असल्या की फुगडी भरभर फिरते. हात लांब करून मागे रेललं की फिरायला जड जातं. काठीचंही तसंच. मनगटात कोन असेपर्यंत काठी अंगाजवळ असते, त्यामुळे हात पटकन फिरवता येतात. हातांना वेग आला की मग काठी बाहेर फेकली जाते. ती बाहेर गेली की हात थोडे मंदावतात आणि त्यांची सगळी चाल काठीच्या डोक्याकडे जाते. चाबकाची मूठ थांबते आणि टोक कडाडतं, तसं. पण काठी सुरुवातीलाच लांब झाली, तर एवढं लांब ओझं हातांना पहिल्यापासून ओढावं लागतं. जो काही वेग येतो तो बॉलपर्यंत पोचायच्या आतच येऊन जातो. याला इथे मासे पकडायला गळ टाकण्याची उपमा देतात. आपल्या कोकणातल्या माणसाला ती लगेच कळेल. गळ टाकताना काठी आधीच पुढे झटकतो, ते पाण्याजवळ ठीक आहे, गोल्फला नाही.

इंग्लंडमध्ये अलस्टेर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 1968 साली एक पुस्तक काढलं. त्यात शास्त्रज्ञांनी सगळा फटका दोन लोलकांवर समजावला आहे. एक लोलक म्हणजे हात, तो छातीच्या वरच्या भागाभोवती फिरतो. दुसरा लोलक म्हणजे काठी, ती पहिल्याच्या टोकाला बिजागरीने अडकवलेली. बिजागरी म्हणजे मनगट. आणि ती बिजागरी मोकळी ठेवली, तिला स्वतःचा जोर दिलाच नाही, तरी चांगला फटका बसतो. त्याच्याही आधी, 1938 मध्ये, अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी डेन्समोर शूट या खेळाडूचा फटका लुकलुकणाऱ्या दिव्याखाली एकाच फोटोत टिपला होता. त्या फोटोत काठी पंख्यासारखी पसरलेली दिसते. जिथे काठ्या दाट दिसतात तिथे वेग कमी, विरळ दिसतात तिथे वेग जास्त. खाली बॉलजवळ त्या एकदम विरळ होतात. कुठे मिळाला तर जरूर बघा. मला तर तो ईसीजीच्या पट्टीसारखा वाचता येतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती नर्स म्हणून मला सगळ्यात पटली. काठी वरून खाली बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी बघून, मेंदूने ठरवून, हाताला हुकूम पोचायला जवळजवळ तेवढाच वेळ जातो. बॉल आणि काठी एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ तर एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. मग "आता मनगट सोड" हे ठरवून कोण करू शकेल? कोणीच नाही. चांगल्या पुरुष खेळाडूंच्या काठीचं डोकं ताशी 180 किलोमीटरच्या आसपास जातं. ते मनगट ठरवून सोडत नाहीत, ते सुटतं.

आणि इथेच माझं चुकलं होतं.

मी चौसष्टाव्या वर्षी शिकायला लागले. निवृत्त झाल्यावर ह्यांनी नाव घातलं, मी सोबत गेले. जर्मनीत गोल्फसुद्धा परीक्षा दिल्याशिवाय खेळू देत नाहीत. प्लाट्झराइफे म्हणतात, म्हणजे मैदानावर जाण्याइतके पिकलात की नाही. आधी नियमांचा पेपर, मग खेळून दाखवायचं. मी नर्सिंगच्या फायनलला घाबरले नव्हते तेवढी तिथे घाबरले. पास झाले. त्यानंतर सरावाच्या जागी एक गृहस्थ रोज भेटायचे. न विचारता शिकवणारे असतात ना, त्यांतले. ते म्हणाले, कोन धरून ठेवायचा, शेवटपर्यंत सोडायचा नाही, मग लांब जातो. मी धरून ठेवला. बोटं आवळून, दात आवळून. दोन महिन्यांत उजव्या कोपराची आतली बाजू इतकी दुखायला लागली की चहाचं भांडं उचलेना. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि नाव सांगितलं, गोल्फरचा कोपर. मी आयुष्यभर पेशंटना समजावत आले, आणि स्वतःला तेच करून घेतलं!

का झालं, ते शरीराच्या बाजूने बघू. मनगटात लहान लहान आठ हाडं असतात, दोन रांगांत. पण बोटं आवळणारे आणि मनगट वाकवणारे मोठे स्नायू मनगटात नसतातच. ते कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. त्यातले पुष्कळसे कोपराच्या आतल्या हाडाला एकाच जागी चिकटलेले आहेत. मूठ आवळली की दोऱ्या ताणल्या जातात, मनगट घट्ट होतं आणि ओढ बसते ती कोपराला. म्हणजे कोन धरून ठेवायच्या नादात बिजागरीच गंजवून टाकली. काठी सुटेल कशी? आणि नाही सुटली तर तिचं तोंड उघडं राहून बॉल उजवीकडे जंगलात जातो. माझे किती बॉल त्या जंगलात आहेत, ते न सांगितलेलं बरं.

लॅग करायचा नसतो, तो होतो. तो होण्यासाठी दोनच गोष्टी लागतात. खाली येताना सुरुवात पायांकडून, कमरेकडून झाली पाहिजे, आणि मूठ सैल पाहिजे. वरून खांद्यांनी, उजव्या हाताने घाई केली की गळ टाकल्यासारखं झालंच. मूठ किती सैल? पेशंटची नाडी बघताना बोटं ठेवतो तेवढी. फार दाबलं तर नाडीच लागत नाही, फार हलकं ठेवलं तरी लागत नाही. इथे शिकवणारे सगळे एकच शब्द ओरडतात, "लॉकर, लॉकर!" म्हणजे सैल. मला आधी वाटायचं कपाटाचं काहीतरी सांगत आहेत. जर्मन भाषेत मनगटाला हांडगेलेंक म्हणतात, आणि एखादी गोष्ट कोणी सहज केली तर म्हणतात, त्याने ती मनगटातून झटकली. वाक्प्रचार छान आहे, पण गोल्फ शिकणाऱ्याला खड्ड्यात घालतो. त्याला वाटतं मनगट झटकायचंच आहे.

आम्ही राहतो ते ऑग्सबुर्गच्या जवळ. आमच्याकडे गोल्फ म्हटलं की एकच नाव, बर्नहार्ड लांगर. ऑग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन या खेड्यात 1957 साली जन्म. घरची गरिबी. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून इथल्या मैदानावर लोकांच्या काठ्या वाहून नेऊन पैसे मिळवायचा. त्या दिवसांत जर्मनीत गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं खूळ, कोणाला माहीतसुद्धा नव्हतं. तो 1985 मध्ये अमेरिकेत जाऊन मास्टर्स जिंकला, पहिलाच जर्मन, आणि 1993 मध्ये पुन्हा. मी तेव्हा वॉर्डात होते. एरवी फुटबॉलशिवाय न बोलणारे पेशंट त्या सोमवारी गोल्फबद्दल बोलत होते.

पण त्याची गोष्ट मी सांगते ती जिंकण्यासाठी नाही, मनगटासाठी. लांब फटका उत्तम, आणि शेवटी बॉल भोकात ढकलायची वेळ आली की हात झटका द्यायचे. तरुणपणीच सुरू झालं आणि बरं होऊन पुन्हा पुन्हा उलटलं. याला यिप्स म्हणतात. काही खेळाडूंमध्ये ते नुसतं घाबरणं नसतं. सतत लिहिणाऱ्या कारकुनाच्या किंवा पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांना जो आकडा येतो, त्याच जातीचा तो दोष असतो, मेंदूकडून स्नायूंना चुकीचा हुकूम जाण्याचा. लांगरने काय केलं? मनगटाला कामच ठेवलं नाही. डाव्या हाताने काठी पार खाली धरली, तिचं वरचं टोक डाव्या हाताला कोपराखाली टेकवलं आणि उजव्या हाताने दोन्ही एकत्र दाबून धरलं. आपण मोडलेल्या हाताला फळी बांधतो ना, अगदी तसं. लोक हसले. नंतर त्याने लांब काठी घेतली, त्यावरही लोक बोलले. 1991 मध्ये रायडर कपच्या शेवटी सहा फुटांवरचा एक बॉल त्याच्याकडून भोकाच्या कडेने गेला आणि सगळ्या युरोपचा कप गेला. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. हा पुढच्याच आठवड्यात स्टुटगार्टला येऊन जर्मन मास्टर्स जिंकला.

म्हणजे एकाच माणसाचं एकच मनगट. लांब फटक्याला ते मोकळं पाहिजे, भोकाजवळ ते गप्प पाहिजे. या दोन्हींची गल्लत आपण सगळे करतो. भोकाजवळ मनगट हलवतो आणि लांब फटक्याला आवळतो.

लांगर अजून खेळतो, बरं का. 2023 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, अमेरिकेची सीनियर ओपन जिंकला. 2024 च्या सुरुवातीला टाचेची शीर तुटली, ऑपरेशन झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एक स्पर्धा जिंकला. एवढा वेग तरुणांइतका नाहीच, त्याच्यापेक्षा कितीतरी लांब मारणारे आहेत. पण त्याची सुरुवात पायाकडून होते आणि घाई नसते.

जर्मनी आणि गोल्फ म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, विषयाला सोडून आहे तरी. 1933 नंतर इथल्या क्लबांमधून ज्यू सभासदांना बाहेर पडावं लागलं. 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकनंतर लगेच बाडेन-बाडेनला देशादेशांची गोल्फ स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी हिटलरने तबक दिलं. जर्मन जोडी आघाडीवर होती, पण शेवटी थर्स्क आणि बेंटली हे दोन इंग्रज जिंकले. ते तबक आज इंग्लंडमध्ये साउथपोर्टच्या हेस्केथ क्लबात आहे. आम्ही बाडेन-बाडेनला फिरायला गेलो होतो तेव्हा हे मला म्हणाले, "बघ, इथे त्याच्या हातचं तबक परक्यांनी नेलं." मला मनात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या मोडलेल्या मनगटाकडे येते. सत्तरी पूर्ण झाली त्या जानेवारीत सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, दारातच बर्फाचा काचेसारखा थर होता. डावा हात टेकून पडले. उठायच्या आधीच मला कळलं होतं, कारण हात जेवणाच्या काट्यासारखा बाकदार दिसत होता. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये वर्णन केलेला मोडीचा प्रकार. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, आणि पडताना माणूस हात पुढे करतोच. सहा आठवडे प्लास्टर. काढल्यावर मनगट लाकडासारखं झालं होतं. फिजिओथेरपीने बरंच आलं, पण अंगठ्याकडे वळणं पहिल्याइतकं आलं नाही. म्हणजे तो काटकोन माझा कायमचा गेला.

मी धरून चालले की गोल्फ संपला. पण वसंतात ह्यांच्याबरोबर नुसती हवा खायला गेले आणि सात नंबरची काठी घेऊन बघितली. दुखेल म्हणून मूठ आवळायची हिंमतच नव्हती. अर्धाच हात वर नेला, पायाकडून सुरुवात केली, हात येऊ दिला. बॉल सरळ गेला. साधारण ऐंशी मीटर. पडण्याआधी दात ओठ खाऊन मी पंच्याऐंशी मारत होते! कोन कमी झाला होता, पण जेवढा होता तेवढा वेळेवर उघडत होता. पूर्वी मोठा कोन करून मी तो अर्ध्या वाटेतच घालवत होते.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी घरी करून बघा, काठी नको. एक लांब टॉवेल घ्या, एका टोकाला गाठ मारा, दुसरं टोक दोन्ही हातांत धरून गोल्फसारखा फिरवा. घाई केली तर टॉवेल लोंबकळतो, गोळा होतो. आधी कमर वळवली आणि हात मागून आले तर तो ताठ होऊन सुंदर फिरतो. काठी असेल तर ती उलटी, डोक्याच्या बाजूने धरा आणि फिरवून आवाज ऐका. "सुंई" असा आवाज समोर, बॉलच्या जागी किंवा थोडा पुढे यायला पाहिजे. खांद्याजवळच आला तर तुम्ही गळ टाकता आहात.

काही गोष्टी मात्र नर्स म्हणून बजावून सांगते. हाडं विरळ असतील, पाठीचा मणका दबलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंग पिळायचं नाही. सरावाच्या जागेवरची चटई खाली टणक असते, काठी तिच्यावर आपटली की सगळा धक्का मनगटात येतो, म्हणून गवत मिळालं तर गवतावरच मारा. करंगळीच्या बाजूला तळव्यात दुखत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील तर दुर्लक्ष करू नका. काठीचं टोक तिथल्या एका छोट्या आकड्यासारख्या हाडावर दाबतं, ते मोडू शकतं, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर आठवडाभर काठी ठेवून द्या. आणि घेरी येत असेल तर टॉवेलसुद्धा खुर्चीला धरूनच, एका हाताने.

जाऊबाईंना हे सगळं कळवलं. त्यांनी परवा टॉवेल फिरवून बघितला. फोन आला, "फिरतो गं छान, पण गाठ जरा लहान मार म्हणून सांगायचं होतंस. माझी फुलदाणी गेली."